स्टेजला रॅम्प कुठंय?

कार्यक्रमासाठी फोन आला की माझा पहिला प्रश्न हाच असतो आणि समोरचा माणूस हमखास गेटबद्दल उत्तर देतो. "आहे ना सर, गेटवर मस्त सिमेंटचा रॅम्प केलाय, गाडी डायरेक्ट आत." अहो ते बरंच केलंत, पण मी ऐकायला नाही येत, गायला येतोय. मग फोनवर जरा शांतता, आणि मग ठरलेलं वाक्य: "काही टेन्शन घेऊ नका, आपली पोरं आहेत ना, उचलून घेतील."

तर त्या पोरांबद्दल. मनानं एक नंबर असतात, त्यात वाद नाही. पण व्हीलचेअर कुठं धरायची हे कोणालाच माहीत नसतं, चौघं चार बाजूंनी धरतात, एकजण हमखास हाताचा दांडा धरतो आणि तो दांडा निघणारा असतो, म्हणजे तो मुद्दामच निघणारा बनवलेला असतो, बाजूनं पलंगावर सरकता यावं म्हणून. मग दांडा त्याच्या हातात, मी तिरका, पेटी खाली कोणाच्या तरी काखेत, आणि निवेदक माईकवरून सांगतोय की बघा मित्रांनो, जिद्द काय असते. आणि लोक टाळ्या वाजवतात! गाणं सुरू व्हायच्या आधीच टाळ्या. त्यानंतर मी कितीही बेसूर गायलो तरी फरक पडत नाही, आणि कितीही चांगला गायलो तरीही पडत नाही, खरा वैताग तो आहे.

आता जरा हिशोब. रॅम्पचा साधा नियम आहे १:१२, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. आपल्याकडं मंगल कार्यालयातला लग्नाचा स्टेज तीन ते चार फूट उंच असतो, नवरा-नवरी मागच्या रांगेतून पण दिसले पाहिजेत ना. चार फुटाला अठ्ठेचाळीस फूट रॅम्प लागणार, एवढी जागा कुठल्याच हॉलमधे स्टेजच्या बाजूला नसते. म्हणून मंडपवाला काय करतो, आठ फुटाची प्लायची फळी टाकतो, वरून लाल कार्पेट, आणि म्हणतो झाला रॅम्प. तो रॅम्प नाही भाऊ, घसरगुंडी आहे ती. इलेक्ट्रिक व्हीलचेअर तर त्या फळीवर अर्ध्यातच थांबते, आणि जाड कार्पेटमधे पुढची छोटी चाकं रुततात ते वेगळंच.

यावर आमच्या ग्रुपचं (आम्ही धुळे-अमळनेर-पारोळा पट्ट्यातले काही जण आहोत, कोणी पोलिओवाले, कोणी अंध, एक ताई कर्णबधिर आहे आणि ती नाचते) उत्तर एकदम सोपं आहे. स्टेजच नको. खाली जमिनीवर गातो, तुम्ही तिन्ही बाजूंनी बसा, मागच्यांना खुर्च्या द्या, पुढं सतरंजी टाका. यात नवीन काहीच नाही, आपल्या खान्देशातलं वहीगायन असंच चालत आलंय की, डफ घेतला, अंगणात गोल केला, म्हणणारे आणि ऐकणारे एकाच पातळीवर. गोंधळ घ्या, भारूड घ्या, त्याला कुठं चार फुटाचा स्टेज लागत होता. उंच स्टेज हा लाऊडस्पीकर आणि पुढाऱ्यांसोबत आलेला प्रकार आहे असं माझं मत, आणि हे मत मी कुठं पण भांडून सांगायला तयार आहे.

पण हे सुचायला कार्यक्रम आपल्या हातात असावा लागतो. दुसऱ्यानं ठरवलेल्या कार्यक्रमात आपण फक्त आयटम असतो.

लहानपणी आमच्या गावात बाजाराच्या दिवशी अंध कलाकारांचा ऑर्केस्ट्रा यायचा, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला असेल. टेम्पो, त्याच्यावर बॅनर, दोन भोंगे, एक कीबोर्ड, एक ढोलकी. गाणारे काय जबरदस्त गायचे राव, जुनी हिंदी गाणी, एकेक हरकत जागच्या जागी. पण माईक कायम डोळस मॅनेजरकडं, आणि पेटी पण त्याच्याकडं, पेटी म्हणजे पैशाची. दोन गाण्यांच्या मधे तो सांगणार, यांना देवानं डोळे दिले नाहीत पण गळा दिलाय, आणि डबा फिरणार. ते गायक स्वतः माईकवर एक शब्द बोललेले मला आठवत नाहीत, स्वतःचं नाव पण नाही. मी तेव्हा पायाला कॅलिपर (आधाराच्या पट्ट्या) घालून वडिलांच्या सायकलवर मागं बसून ऐकायचो आणि लोक त्या डब्यात पैसे टाकून झाले की माझ्याकडं पण तशाच नजरेनं बघायचे, जसं काय पुढचा नंबर माझा.

आणि तीन डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन! आमचा पोळाच तो. शिंगं रंगवायची, झूल घालायची, पुरणपोळी खाऊ घालायची, मिरवायचं, आणि चार तारखेपासून परत जू. एका दिवसात सगळीकडून बोलावणी येतात आणि बाकीचं वर्ष फोन मुका. बरं त्या दिवशी पण आधी भाषणं, मग साहित्यवाटप, मग वेळ उरला तर कला, आणि वेळ उरत नाही.

चांगली कामं झालेली नाहीत असं अजिबात नाही. मराठीत स्वागत थोरातांनी अंध कलाकारांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' रंगमंचावर आणलं, त्यांचंच 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक २००८ पासूनचं. तिकडं गोव्यात २०२३ च्या जानेवारीत पर्पल फेस्ट सुरू झाला, दिव्यांग आयुक्तांच्या ऑफिसनं केलेला. बाहेरचं बघायचं तर लंडनची ग्रेआय नावाची नाटक कंपनी १९८० पासून दिव्यांग कलावंतांना घेऊन नाटकं करते, सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक, नबील शाबान, स्वतः व्हीलचेअरवर. बरीच वर्षं त्यांच्या प्रमुख राहिलेल्या जेनी सीली ह्या बाई स्वतः कर्णबधिर, आणि २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकच्या उद्घाटनाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक त्याच होत्या. त्यांच्याकडची एक गोष्ट मला लय आवडली, ते साइन लँग्वेजवाल्याला कोपऱ्यात उभं करत नाहीत, त्याला नाटकातच घेतात, आणि काय दिसतंय हे सांगणारा आवाज पण नाटकाचाच भाग असतो. म्हणजे सोय ही वरून चिकटवलेली पट्टी नाही, तालमीच्या पहिल्या दिवसापासून ती नाटकात आहे.

हे आम्ही आमच्या पद्धतीनं करून बघितलं. मागच्या थंडीत धुळ्यात देवपूरकडं एका तळमजल्याच्या हॉलमधे आमचाच कार्यक्रम ठेवला, गाणी, एक छोटं नाटुकलं आणि ताईचा नाच. थंडीतच का, तर एप्रिल-मे मधे आपल्याकडं पारा ४४-४५ ला जातो आणि व्हीलचेअरचं लोखंडी रिंग उन्हात हातानं धरवत नाही. आणि दुपारीच का, तर रात्रीचा कार्यक्रम म्हणजे परतीची एसटी गेली. एसटीत आम्हाला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, छान आहे, पण ती पहिली पायरी गुडघ्याच्या वर असते त्याला टक्केवारीत काही सवलत नाही. म्हणून दुपारी दोन ते साडेचार, उजेडात या, उजेडात घरी जा. एका मित्रानं नाक मुरडलं, म्हणे दुपारी काय माहोल बनतो का. बनतो भो, माणसं असली की बनतो.

आता तो बघून सांगणारा आवाज. मोठ्या ठिकाणी अंध प्रेक्षकांना हेडफोन देतात आणि त्यात कोणीतरी हळू आवाजात वर्णन करतं. आमच्याकडं हेडफोनला पैसे नव्हते, मग आमच्यातल्या एका वहिनींना सरळ मेन माईक दिला आणि सांगितलं की जे दिसतंय ते सगळ्यांना ऐकू जाईल असं अहिराणीत सांगा. वहिनींनी पहिल्याच मिनिटाला सुरू केलं, "भाऊ लाल फेटा बांधी येल शे, फेटा जरासा वाकडा शे." हे स्क्रिप्टमधे नव्हतं. नाटकातल्या भाऊनं तिथंच थांबून उत्तर दिलं, "वाकडा शे तं ये ना मंग, सरळ करी दे." हॉल फुटला. तिथून पुढं वहिनी पात्रच झाल्या, कोण रुसलंय, कोणी चहाचा कप उलटा ठेवला, कोण खोटं हसतंय, सगळ्यावर त्यांची कॉमेंट. समोर बसलेला आमचा तबलजी पूर्ण अंध आहे, तो नंतर म्हणाला की इतर वेळी नाटकात लोक हसले की शेजारच्याला विचारावं लागतं काय झालं म्हणून, तोवर पुढचा जोक होऊन जातो, आज पहिल्यांदा मी सगळ्यांच्या आधी हसलो. आणि डोळस म्हाताऱ्या आज्या पण खूश, त्यांना लांबून नीट दिसत नव्हतंच.

ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात ह्या प्रकाराला. सिनेमासाठी तर केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयानं मार्च २०२४ मधे मार्गदर्शक सूचना पण काढल्यात, थिएटरमधे वर्णन आणि कॅप्शन असावं म्हणून. नाटक-ऑर्केस्ट्रावाल्यांपर्यंत हे अजून पोचलेलंच नाही.

साइन लँग्वेजचं काम एका मूकबधिर विद्यालयाच्या मॅडमनी केलं. त्यात लाइटवाल्याशी भांडण झालं. तो सवयीनं भावुक गाण्याला सगळे लाइट डाऊन करायचा आणि मॅडमचे हात अंधारात, म्हणजे मागं बसलेल्या सगळ्या कर्णबधिर पोरांसाठी कार्यक्रम बंद. त्याला सांगितलं, सगळं बंद कर पण मॅडमवरचा एक लाइट मेला नाही पाहिजे. आणि मॅडमच्या मागं काळा पडदा, फुलाफुलांचं डेकोरेशन नको, हात उठून दिसत नाहीत त्याच्यावर. ताई नाचायला लागली तेव्हा साऊंडवाल्यानं एक बेस स्पीकर उलटा करून जमिनीला टेकवला, हे तिनंच सांगितलं होतं त्याला, ठेका तळपायातून येतो म्हणे. नाच संपल्यावर पोरांनी दोन्ही हात वर करून हलवले, ती त्यांची टाळी, आणि अर्धा हॉल त्यांचं बघून तसंच करायला लागला.

एका कोपऱ्यात गाद्या टाकून ठेवल्या होत्या, ज्यांच्या मुलांना गोंगाट सहन होत नाही किंवा एका जागी बसवत नाही त्यांच्यासाठी. एक ऑटिस्टिक मुलगा पूर्ण वेळ हॉलमधे गोल फिरत होता, कोणी श्श केलं नाही. त्याची आई शेवटपर्यंत थांबली होती.

बाथरूमवर लिहीत नाही, लिहिलं तर वेगळी पोस्ट होईल आणि तुमचं जेवण जाईल.

कायद्याचं एवढंच सांगतो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्याच्या कलम २९ मधे सरळ लिहिलंय की दिव्यांग कलावंत-लेखकांना सोयी, पाठबळ आणि प्रायोजकत्व द्यायचं, कला सगळ्यांना घेता येईल अशी करायची. जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून ५ वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायच्या होत्या, नियम २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ लाच संपली. राजीव रतुरी म्हणून आहेत, स्वतः दृष्टिबाधित, त्यांनी २००५ मधे याचिका टाकली आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सुगमतेचे निकष नुसते शिफारस म्हणून ठेवणं कायद्याला धरून नाही, बंधनकारक नियम करा. एकोणीस वर्षं लागली बघा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखाच्या वर दिव्यांग मोजले होते, त्यात कलावंत किती हे कोणी मोजलेलंच नाही.

राहिला पैसा. आम्हाला शाल-श्रीफळ नको, मानधन पाहिजे, आणि आकडा आधीच ठरला पाहिजे. हे म्हटलं की काही लोकांचा चेहरा उतरतो, अहो आम्हाला वाटलं तुम्ही सेवा म्हणून... सेवा कसली, तबलजीला घरभाडं आहे, ताईला दोन पोरं आहेत. साऊंडवाल्याला कोणी सेवा म्हणतं का?

गेल्या आठवड्यात शिरपूरकडच्या एका गणेश मंडळाचा फोन आला होता, तीच गाडी, गेटवर रॅम्प आहे, पोरं उचलून घेतील. मी कलम २९ सांगितलं, सुप्रीम कोर्ट सांगितलं, अध्यक्ष हं हं करत राहिले. मग म्हटलं, भाऊ, स्टेज कॅन्सल करा, आम्ही खालीच बसतो, मंडपवाल्याला विचारून बघा किती कमी होतात. संध्याकाळी त्यांचाच फोन, "सर, स्टेज गेला तर चांगलेच पैसे वाचून राहिले." म्हटलं वाचले ना, मग ते वहिनींच्या मानधनात टाका, आणि एक बेस स्पीकर जमिनीवर ठेवायचा हे साऊंडवाल्याला आत्ताच सांगून ठेवा.