शेवटचं कडवं

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या छापखान्यात पाय ठेवायला जागा नसते. एकीकडे लग्नपत्रिका, दुसरीकडे १४ एप्रिलच्या जयंतीची पावतीपुस्तकं. मी नाशिकरोडला डीटीपी करतो, बारा वर्षं झाली. अशाच एका दुपारी येवल्याकडचे एक शाहीर ‘जय भीम’ करून आत आले आणि गाण्यांची वही पुढ्यात ठेवली. सत्तरीचे, गवंडीकाम करणारे, नखांत सिमेंट. वहीतलं अक्षर नातीचं. शाहिरांना सहीपुरतंच लिहिता येतं.

काम साधं होतं. अकरा गाणी, १६ पानांचा एक फॉर्मा, पिना मारून हजार प्रती. अशी पुस्तकं ६ डिसेंबरला दादरला आणि दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीपाशी पथारीवर विकली जातात. पण मजकूर सतराव्या पानावर जायला लागला. फॉर्मा वाढला की खर्च वाढणार, म्हणून मी माझ्याच अकलेनं कात्री लावली. सहा गाण्यांची शेवटची कडवी उडवली. त्यांत कवीच्या नावापलीकडे नवं काय होतं?

प्रूफ बघायला शाहीर एकटेच आले. म्हणाले, “वाच.”

मी वाचू लागलो. ते बसले नाहीत. उभ्यानंच टेबलाच्या कडेवर बोटांनी ठेका धरला. पहिलं गाणं वाचून मी थांबलो, बोटं थांबली नाहीत.

“पुढं?”

“संपलं, बाबा.”

“कुठं संपलं? हात चालूय माझा अजून.”

मी फॉर्म्याचं गणित सांगितलं. ते चिडले नाहीत, याचंच मला जास्त ओशाळं वाटलं. म्हणाले, एका गावच्या जयंतीला गेलो होतो. स्टेजवरचा गायक माझंच गाणं म्हणत होता. शेवटी माझं नाव काढून स्वतःचं घातलं. “माझं नाव तीन अक्षराचं, त्याचं दोन. मग त्यानं मधी ‘रे’ टाकला. तिथं गाणं लंगडलं. लंगडलं म्हणून तर लोकांनाबी कळलं, की हे दुसऱ्याचं आहे.”

त्यांचा हा हिशेब मला कुठल्याच कवितेच्या पुस्तकात भेटला नव्हता. आपण शाळेत ‘तुका म्हणे’, ‘चोखा म्हणे’ पाठ करतो, पण ते कुलूप आहे हे कोण सांगतं?

मग ते बोलत राहिले आणि बाहेर पत्रिकावाला खोळंबला. गाणी परांचीवर होतात. आधी चाल, मग शब्द. एक ओळ बसली की दिवसभर विटांबरोबर तीच म्हणायची. संध्याकाळपर्यंत विसरली तर शोधायला जायचं नाही. जी मला राहिली नाही ती लोकांना काय राहणार? काळाराम सत्याग्रहाच्या गाण्यात २ मार्च १९३० ही तारीख बसवायला त्यांना आठ दिवस लागले. ‘एकोणीसशे’ काही केल्या चालीत मावेना. शेवटी ‘सन तीस’ केलं. पण तारीख सोडली नाही, कारण पोरं ती गाण्यातूनच पाठ करतात.

लोककवी वामनदादा कर्डकांना त्यांनी तरुणपणी ऐकलेलं. वामनदादा आमच्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. ते मोठेपणी मुंबईत वाचायला शिकले. “शेवटच्या कडव्यात ‘वामन’ आला की मंडप उठायचा,” शाहीर म्हणाले.

कडवी परत घ्यायची तर जागा हवी. मलपृष्ठावर आमच्या छापखान्याची जाहिरात असते. मालकांना न विचारता ती काढली, एक गाणं तिकडे नेलं. त्याबद्दल नंतर बोलणी खाल्ली, ते असो.

दुसरं प्रूफ त्यांनी वाचायला सांगितलं नाही. स्वतःच घेतलं. प्रत्येक गाण्याच्या तळाशी बोट नेऊन आपलं नाव शोधायचे आणि पुढचं पान उलटायचे. शेवटी म्हणाले, “धाच आहेत.”

मी तपासलं. अकराव्या गाण्यातही नाव होतं. फक्त सवयीनं मी शेवटची वेलांटी शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे दीर्घ केली होती. ते सही करतात ती ऱ्हस्व.

“हेच की बाबा, तुमचं नाव.”

त्यांनी चष्मा वर करून त्या अक्षरांकडे बराच वेळ पाहिलं. “नाही,” म्हणाले, “हा कुणी दुसरा आहे.”

मी वेलांटी बदलली.