नदीपलीकडचं फ्लोरेन्स आणि सरसाचा वास

ऑक्टोबरमध्ये आई-बाबा चिपळूणहून आमच्याकडे इटलीत बोलोन्याला राहायला आले होते, आणि फ्लोरेन्स इथून फास्ट ट्रेनने जेमतेम चाळीस मिनिटं, म्हणजे जाणं ठरलेलंच होतं. पण बाबांना म्युझियमच्या रांगेत उभं करायचं नव्हतं मला. त्यांचं अख्खं आयुष्य सुतारकामात गेलंय, तयार वस्तू काचेआड बघण्यापेक्षा ती होताना बघण्यात त्यांना जास्त रस. म्हणून ओल्त्रार्नोची, म्हणजे कारागिरांच्या वस्तीची तीन तासांची वॉकिंग टूर घेतली, आणि आता कोणी फ्लोरेन्सला काय बघू असं विचारलं की मी आधी हेच सांगते.

ओल्त्रार्नो म्हणजे आर्नो नदीच्या पलीकडचं. मोठं चर्च, उफित्झी म्युझियम, रांगा, सेल्फी सगळं अलीकडे. आमची गाईड पन्नाशीची बाई, पलीकडेच लहानाची मोठी झालेली, ती पोन्ते वेक्क्यो पुलावर भेटली. हा पूल 1345 सालचा. त्याच्यावर आज नुसती सोनारांची दुकानं आहेत पण आधी तिथे खाटीक बसायचे, मग 1565 मध्ये इथे राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याने स्वतःला जायला-यायला दुकानांच्या डोक्यावरून एक बंदिस्त रस्ता काढला, वासारी नावाच्या वास्तुकाराने बांधला तो, आणि 1593 मध्ये त्याच घराण्यातल्या फेर्दिनांदोने हुकूम काढून खाटकांना उठवलं आणि सोनारांना बसवलं.

पलीकडे कारागीर एवढे का, तर त्याचं कारण पित्ती पॅलेस. 1549 च्या सुमारास मेदिचींच्या सुनेने, एलेओनोराने, तो वाडा विकत घेतला आणि दरबार नदीपलीकडे आला. मग दरबाराला फर्निचर लागतं, चित्रांना चौकटी लागतात, रेशीम लागतं, चांदीची भांडी लागतात, ती करणारे हात आसपासच्या गल्ल्यांत वसले. पेशव्यांच्या काळात पुण्यात तांबट आले आणि कसब्यात तांबट आळी झाली तसंच हे, आईने ऐकल्या ऐकल्या तेच म्हटलं.

आत शिरायच्या आधी गाईडने आम्हाला एक शब्द शिकवला, "पेर्मेस्सो?" म्हणजे येऊ का आत? बोत्तेगाच्या, म्हणजे वर्कशॉपच्या उंबरठ्यावर उभं राहून तो म्हणायचा, समोरून हो आलं की मगच आत, आणि फोटो विचारल्याशिवाय नाही. मला हे फार पटलं. माणूस तिथे कामाला बसलाय, त्याच्या हातात पटाशी आहे, आपण काही प्रदर्शनात आलेलो नाही.

सांतो स्पिरितो चौकाच्या मागच्या गल्लीत एक चौकटींना सोन्याचा मुलामा देणारा आहे, सत्तरीचा, आणि तिथे आम्ही ठरलेल्या वीस मिनिटांऐवजी जवळजवळ तास काढला. दारातच बाबा थांबले. म्हणाले, "अगं, हा सरसाचा वास." आणि खरंच, कोपऱ्यात गरम पाण्यावर एका छोट्या भांड्यात सरस, म्हणजे कातड्या-हाडांपासून केलेला जुना गोंद, विरघळत ठेवलेला, इथे तो सशाच्या कातड्याचा करतात. बाबांच्या वर्कशॉपमध्येही आधी सरसच होता, फेविकॉल आला तसा तो गेला, मला स्वतःला त्या वासाची नीट आठवणही नव्हती पण बाबांचा चेहरा बघून आली.

काम असं, की लाकडावर सरस आणि खडूचे थरावर थर द्यायचे, मग गेरूसारख्या लाल मातीचा लेप, तो ओला करायचा आणि त्यावर वर्ख टाकायचा. वर्ख इतका हलका की आजोबा कामाला बसले की आम्हाला हाताने खूण करून श्वास जपून घ्यायला सांगत होते. चामड्याच्या छोट्या गादीवर सुरीने त्याचा तुकडा पाडला, मग खारीच्या केसांचा रुंद ब्रश स्वतःच्या गालावरून एकदा फिरवला, गालाचा किंचित तेलकटपणा ब्रशला लागतो आणि तेवढ्याने वर्ख उचलला जातो, आणि ब्रश खाली नेला की लाल मातीने तो जणू ओढूनच घेतला. वाळला की अकीक दगड बसवलेल्या दांडीने घोटायचा. आजोबांनी ती दांडी बाबांच्या हातात दिली. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, पण बाबांनी एका जुन्या तुकड्यावर हलक्या हाताने घोटायला घेतलं आणि आजोबांनी फक्त त्यांचं मनगट थोडं खाली दाबलं, बस, तेवढंच शिकवणं.

पुढे अबरी कागद करणाऱ्यांकडे गेलो. पाण्यावर रंग तरंगवून, कंगव्याने रेघा ओढून वरून कागद टेकवायचा. ही कला इथे तुर्कस्तानकडून आली, आणि आपल्याकडे सतराव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीत अशा कागदावर अप्रतिम चित्रं झाली आहेत, ती जमलं तर जरूर बघा.

गल्ल्यांमधून फिरताना गाईड बंद शटर दाखवत होती. इथे लोहार होता, इथे खुर्च्या विणणारा. भाडी वाढतात, वरच्या घरांचे टुरिस्टांसाठी फ्लॅट होतात, शिकाऊ मुलगा ठेवणं परवडत नाही. 2023 मध्ये महापालिकेने जुन्या शहरात नवीन असे फ्लॅट काढायला बंदीचा निर्णय घेतला, पण गेलेला लोहार काही परत येत नाही. मी म्हणेन, गेलात तर एखादी छोटी चौकट, एखादी वही तिथूनच घ्या. आणि ऑगस्टमध्ये मात्र जाऊ नका, निम्मी दारं सुट्टीला बंद असतात.

मग एका भिंतीवर संगमरवरी पाटी दिसली, बाबांच्या डोक्याच्याही वर. 4 नोव्हेंबर 1966 ला आर्नोचं पाणी इथपर्यंत आलं होतं. आई-बाबा दोघंही तिथे गप्प उभे राहिले. आमच्याकडे वाशिष्ठीचं पाणी 22 जुलै 2021 ला आलं, बाबांच्या वर्कशॉपमधलं सागवान, मशिनी, तयार दारं, सगळं बुडालं होतं. गाईडला मी ते सांगितलं तर तिने बाबांचा हात हातात घेतला. म्हणाली, आमच्याकडे त्या पाण्यात घरं तापवायचं तेल मिसळलं होतं, चिखल काळा होता, तळमजल्यावरच्या बोत्तेगांचं सगळं गेलं.

बाबांनी विचारलं, भिजलेल्या लाकडाचं काय केलंत? ती म्हणाली, लाकडावरची जुनी चित्रं पित्ती पॅलेसमागच्या बोबोली बागेत नेली, तिथे लिंबाची झाडं थंडीत ठेवायची एक मोठी इमारत आहे, तिच्यात हवा मुद्दाम दमट ठेवली आणि महिनोन्‌महिने हळूहळू कमी करत आणली, लाकूड एकदम वाळलं तर आक्रसतं आणि रंग सुटतो म्हणून. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपण सगळं उन्हात टाकलं गं."

आजीचा सागवानी देव्हारा तेव्हा असाच उन्हात वाळला आणि एका अंगाने वाकला, तो अजून माळ्यावर आहे. परतीच्या ट्रेनमध्ये बाबांनी काकाला फोन लावला, आणि तब्येत-पाणी विचारायच्या आधी विचारलं, चिपळुणात सरस अजून कुठे मिळतो का रे?