अस्सल काय ते दाखवा

अहमदाबादला माणेक चौकात रात्री गेलात तर एक गंमत दिसते. १४११ साली वसलेलं शहर, ते वसवणाऱ्या सुलतान अहमदशहाची कबर हाकेच्या अंतरावर, २०१७ पासून वर्ल्ड हेरिटेजचा शिक्का, दिवसा तिथे सराफ बाजार आणि दुकानांची शटरं पडली की त्याच रस्त्यावर खाऊगल्ली उभी राहते, आणि झुंबड कशावर तर चीज किसून घातलेल्या डोशावर आणि चॉकलेट-अननसाच्या सँडविचवर! आमच्या ग्रुपमधले एक काका फार खट्टू झाले, सुलतानाच्या गावात येऊन हे खायचं का म्हणे. मला तर ते मस्त वाटलं (सँडविच सोडून, ते खरंच भयंकर होतं).

जुनं शहर म्हणजे आलेल्याला सामावून घ्यायची सवय लागलेलं शहर, असं आपलं माझं मत. आमचं ठाणंच बघा ना. पाहुणे आले की मी त्यांना सकाळी जांभळी नाक्याच्या मार्केटातून नेते, मेथीच्या जुड्या आणि झेंडूच्या ढिगातून वाट काढत कौपिनेश्वराला, मूळ देऊळ शिलाहारांच्या काळातलं, आत शिवपिंडी केवढी थोरली, बाहेर आलं की मासुंदा तलाव. मग अर्थातच मामलेदार मिसळ. तिखट की मीडियम विचारतात तेव्हा पाहुण्याने शौर्य दाखवू नये. वर लालभडक तर्री, फरसाण मऊ पडायच्या आत दोन घास मारायचे, नाक वाहायला लागलं की पावाचा तुकडा, आणि पाहुणा घाम पुसत म्हणतो, वा, हे खरं आपलं अस्सल!

आता यातली मिरची पोर्तुगीजांनी आणलेली, पाव त्यांचाच, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव खाल्लात तर त्यातला बटाटाही त्यांच्याच जहाजातून आला. त्यांनी १७३० च्या सुमारास इथे किल्ला बांधायला घेतला, तो पुरा व्हायच्या आत १७३७ ला मराठ्यांनी घेतला, आज तिथे सेंट्रल जेल आहे. किल्ला गेला, बटाटा राहिला.

आणि टेंभी नाक्याला १८७९ चं सिनेगॉग आहे, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बेने इस्रायली लोकांचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंचं, पिढ्यानपिढ्या घरात मराठी बोलणारे लोक. त्यांच्याकडे शुभकार्याला, नवस फेडायला एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात, म्हणजे काय तर भिजवलेले पोहे, ओला नारळ, गूळ नाहीतर साखर, सुकामेवा आणि सोबत फळं. मिरची नाही, बटाटा नाही, पाव तर नाहीच, पोहे-नारळ म्हणजे कोकणातलाच माल. आता अस्सल शोधायचंच असेल तर ते या ज्यू ताटात जास्त सापडतं, पण हे मिसळ खाताना कुणाला सांगत बसू नये, भांडणं होतात.

मलिदा हॉटेलात मिळत नाही मात्र. कुणा ओळखीच्यांकडचं बोलावणं यावं लागतं, आणि आलं की पोट रिकामं ठेवून जायचं.