६११ तांदूळ आणि एक खडा

आमच्या आईंना (म्हणजे सासूबाईंना) माझा प्लॉटर पहिल्या दिवसापासून पटलेला नाही. "हाताने काढायला काय होतं गं तुला?" असं त्या विचारतात, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे त्याला अजून धड उत्तर नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं वेगळं. रात्री साडेदहाला मिक्सर कशाला लावता, असं त्यांनी लिफ्टमध्ये विचारलं होतं. तेव्हापासून यंत्राखाली योगा मॅटचे दोन तुकडे असतात.

तर प्लॉटर. दोन मोटरी, दोन पट्टे आणि पेन उचलायला एक चिमुकला सर्व्हो (ठरावीक कोनात वळणारी मोटर). संगणक सांगेल त्या रेघा हे यंत्र खऱ्या पेनाने खऱ्या कागदावर ओढतं. पूर्वी इमारतींचे आराखडे असेच निघायचे. आता माझ्यासारखे लोक त्यावर चित्रं काढतात. चित्र मी काढत नाही, नियम लिहिते. किती रेघा, कुठे वळायचं, किती नशिबावर सोडायचं, एवढं ठरवलं की पुढचं यंत्राचं. दिवसभर ऐरोलीला दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या आणि रात्री नौपाड्यात घरी येऊन स्वतःच्या करायच्या, असा माझा दिनक्रम आहे.

पहिली चूक तर जोडणीतच झाली. सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलं, अर्डुइनो नावाच्या छोट्या सर्किट बोर्डवर जीआरबीएल (मोटरी हलवणारा प्रोग्राम) टाकलं आणि १०० मिलिमीटरचं वर्तुळ काढायला सांगितलं. आलं अंडं. पट्टीने मोजलं तर आडवं १००, उभं ८०. दोन रात्री मी कोड वाचत बसले. कोडमध्ये काही नव्हतंच. तिसऱ्या रात्री टूथपिक घेऊन पुलीचे दात मोजले. एका पुलीला २०, दुसरीला १६! माझी मोटर एका फेऱ्यात ३,२०० बारीक पावलं टाकते आणि पट्ट्याचा दर दात २ मिलिमीटरवर. म्हणजे २० दातांच्या पुलीवर पट्टा फेऱ्याला ४० मिलिमीटर सरकतो, १६ दातांच्या पुलीवर ३२. मिलिमीटरला एकीकडे ८० पावलं हवीत, दुसरीकडे १००, आणि मी दोन्हीकडे ८० भरून ठेवली होती. पुली बदलायला पुन्हा लॅमिंग्टन रोडला कोण जाणार? एक आकडा बदलला, वर्तुळ गोल झालं. ती बारकी पुली अजून तशीच आहे.

यंत्र झालं, पण काढायचं काय? पहिले काही आठवडे मी नुसती गोलगोल नक्षी काढत होते आणि घरी येणारा प्रत्येक जण "अय्या, रांगोळी!" म्हणत होता. मग जेन्युअरी सापडलं. जनरेटिव्ह (म्हणजे अशी नियमांतून निघणारी कला) आणि जानेवारी यांची सांधाजोड. पीटर पास्मा यांनी २०२१ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम आहे. जानेवारीच्या ३१ दिवसांना ३१ विषय, रोज एक चित्र, बक्षीस वगैरे काही नाही. २०२५ च्या पहिल्या दिवसाचा विषय होता फक्त उभ्या किंवा आडव्या रेघा. तो जमला. चौथ्या दिवशी काळ्यावर काळं. मी काळ्या कार्डपेपरवर काळं जेल पेन चालवलं. चित्र चांगलं झालं होतं, पण ट्यूबलाइटखाली कागद तिरका धरला तरच दिसायचं. आईंनी तो कागद कोरा समजून त्यावर वाण्याचा हिशेब लिहायला घेतला आणि पेन उमटत नाही म्हणून माझ्यावर चिडल्या.

३१ पैकी माझे १९ झाले. जानेवारी संपल्यावर मात्र हात गार पडला. विषय नसला की मी रात्र रात्र आकडे बदलत बसते. तेच चित्र थोडं दाट, थोडं विरळ, आणि कागदावर काहीच उतरत नाही. म्हणून फराळाचा एक रिकामा डबा घेतला आणि घरातल्यांना म्हटलं, चिठ्ठ्या टाका. लेकीने "ब्लॅक होल", "मांजर", "ब्लॅक होलमधलं मांजर" अशा टाकल्या. नवऱ्याने एकच टाकली, "शांतता". (टोमणा होता तो.) आईंच्या चिठ्ठ्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, शाईच्या पेनाने लिहिलेल्या. दुधावरची साय. वाळत घातलेल्या साड्या. निवडायला घेतलेले तांदूळ.

तांदळाची चिठ्ठी निघाली त्या दिवशी मी खूश होते. सोपं आहे म्हटलं. ६०० दाणे, प्रत्येकाची जागा यादृच्छिक, कोन यादृच्छिक, दहा ओळींचा कोड. कागद आईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, लांब धरला, जवळ धरला.

"हे निवडायला घेतलेत होय?"

"हो, का?"

"इथे बघ, ढीग झालाय. इथे ताट उघडं पडलंय. आणि हे दोघं एकमेकांच्या अंगावर चढलेत. निवडताना तांदूळ पसरतात गं. असे सांडत नाहीत."

त्यांचं बरोबर होतं आणि ते मला आधीच ठाऊक असायला हवं होतं. संगणकाला कुठेही ठेव म्हटलं की तो खरंच कुठेही ठेवतो. आधीचा दाणा कुठे पडला याच्याशी पुढच्याला देणंघेणं नसतं, त्यामुळे गुठळ्याही होतात आणि भोकंही पडतात. हाताने पसरताना बोटं दाण्यांना एकमेकांपासून सारत जातात.

त्यासाठीची युक्ती तयार आहे, पॉयसन डिस्क सॅम्पलिंग. रॉबर्ट ब्रिडसन यांनी २००७ मध्ये मांडलेली रीत मी वापरली. प्रत्येक दाण्याभोवती एक रिंगण धरायचं, त्यात दुसऱ्याला प्रवेश नाही. ठेवलेल्यांपैकी एक दाणा निवडायचा आणि त्याच्यापासून एक ते दोन रिंगणांच्या अंतरात नव्या दाण्याला जागा शोधायची, ३० वेळा. कोणाच्या रिंगणात पाय पडत नसेल तर ठेवला. तिसाच्या तीस वेळा नाही जमलं तर त्या दाण्याचा शेजार भरला, त्याला सोडून पुढे जायचं. माझा दाणा ६ मिलिमीटर लांब, म्हणून रिंगण ७ चं ठेवलं. मग कसाही फिरवला तरी शेजाऱ्याला टेकत नाही. अशा ६१२ जागा निघाल्या. ६११ तांदळांना दिल्या आणि एक खड्याला. खडा म्हणजे तेवढाच एक आकार, जरा बुटका आणि कोपऱ्यांचा.

खड्यावरून आठवलं. या सगळ्या खेळातल्या सुरुवातीच्या प्रसिद्ध चित्रांपैकी एकाचं नावच 'शॉटर' आहे, म्हणजे जर्मनमध्ये खडी. गेऑर्ग नेस यांनी १९६८ च्या सुमारास केलेलं. एका रांगेत १२ चौकोन, अशा वरून खाली २२ रांगा. वर शिस्तीत, आणि खाली येता येता कलंडत, घसरत, विखुरत जाणारे. तेही प्लॉटरनेच काढलेलं. आपल्याकडचे पेव्हर ब्लॉक एका पावसाळ्यानंतर तसेच दिसतात, फक्त प्रोग्रामशिवाय.

असो. आता ६१२ आकार म्हणजे पेन ६१२ वेळा खाली आणि ६१२ वेळा वर. ब्रिडसनच्या क्रमाने काढायला लावलं तर पेन एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नुसतं उडत होतं. ३५ मिनिटं लागणार होती, आणि रात्रीचे दहा वाजले होते. मग व्हीपाइप या प्लॉटरसाठीच्या प्रोग्राममधून रेघा क्रमाने लावून घेतल्या, म्हणजे एक दाणा झाला की पेन जवळात जवळच्या दाण्याकडे जातं. १४ मिनिटांत काम संपलं. आई जपमाळ घेऊन शेजारीच बसल्या होत्या. शेवटी शेवटी जप थांबला होता असं मला वाटतं, पण मी विचारलं नाही.

कागद सुटा करून त्यांच्या हातात दिला. या वेळी त्यांनी तो ताटासारखा दोन्ही हातांत आडवा धरला आणि डावीकडून उजवीकडे नजर फिरवत गेल्या. ओठ मिटलेले. मी खडा उजवीकडे खाली ठेवला होता. तो त्यांना दहा सेकंदांत सापडला.

"आता बरोबर पसरलेत," म्हणाल्या. आणि कागद परत दिलाच नाही. बोट वरच्या डाव्या कोपऱ्याकडे नेलं. "हा दुसरा."

"आई, एकच टाकलाय मी."

"दोन आहेत. बघ ना नीट."

बघितलं. एका दाण्याच्या टोकाला शाईचा काळा ठिपका बसला होता. पेन उचलायला सर्व्होला क्षणभर उशीर झाला असणार.