स्कीमा नाहीसा होत नाही, तो कोडमध्ये जातो

एंटरप्राइझ नोएसक्यूएल डेटाबेस (म्हणजे नेहमीच्या रिलेशनल टेबलांच्या चौकटीबाहेरचा, मोठ्या कंपन्यांसाठीचा डेटाबेस) घ्यावा की नाही, यावर बैठक बसली की ‘स्कीमा, म्हणजे डेटाचा साचा, आधी ठरवावा लागत नाही’ हा फायदा हमखास पहिल्यांदा सांगितला जातो, आणि माझ्या अनुभवात पुढचा बराचसा खर्च नेमका तिथूनच सुरू होतो.

हे डेटाबेस निरुपयोगी आहेत, असे मला म्हणायचे नाही. गूगलने २००६ मध्ये बिगटेबलची आणि अ‍ॅमेझॉनने २००७ मध्ये डायनॅमोची रचना शोधनिबंधांतून मांडली, ती एका सर्व्हरच्या आवाक्याबाहेर गेलेल्या कामासाठी होती. त्याच वाटेने आलेल्या कॅसँड्रा या डेटाबेसमध्ये नोड, म्हणजे आणखी एक सर्व्हर, वाढवला की डेटा आणि भार आपोआप वाटला जातो, आणि एखादा नोड बंद पडला तरी इतर नोडवर ठेवलेल्या डेटाच्या प्रतींवर काम चालू राहते. बुटांना माप आणि फ्रिजला लिटर असणाऱ्या उत्पादनसूचीसाठीही, निम्मे रकाने रिकामे असणाऱ्या टेबलांपेक्षा प्रत्येक नोंदीला आपापला आकार घेऊ देणारा डॉक्युमेंट डेटाबेस कितीतरी सोयीचा पडतो.

मात्र माझ्याकडे देखभालीसाठी आलेल्या एका प्रकल्पात ग्राहकाचा दूरध्वनी क्रमांक जुन्या ऑर्डरींत ‘फोन’, नंतरच्या ऑर्डरींत ‘मोबाइल’, आणि सर्वांत नव्या ऑर्डरींत ‘संपर्क’ या यादीच्या आत होता. ऑर्डर दाखवणाऱ्या कोडला तिन्ही जागा माहीत होत्या, अहवाल काढणाऱ्या कोडला दोनच. त्यामुळे सर्वांत जुने ग्राहक अहवालातून गुपचूप गळत राहिले. एरर कुठेच आली नाही, कारण डेटाबेसच्या दृष्टीने काहीच चुकले नव्हते. रकाने आधी ठरवून टेबले करणाऱ्या रिलेशनल डेटाबेसमध्ये हे रकान्याचे नाव बदलतानाच कोणीतरी अडवले असते.

दुसरा खर्च नव्या प्रश्नांचा. कॅसँड्रात टेबल क्वेरी (डेटाला विचारायचा प्रश्न) पाहून बांधतात, आणि जॉइन, म्हणजे दोन टेबले जोडून वाचणे, तिथे नाहीच. ग्राहकानुसार लावलेल्या ऑर्डरी उद्या शहरानुसार हव्या झाल्या, तर बहुतेकदा नवे टेबल करून जुना सगळा डेटा त्यात भरावा लागतो, आणि त्यानंतर प्रत्येक ऑर्डर दोन ठिकाणी लिहिण्याची जबाबदारी आपल्या कोडवर येते. डेटाच्या तीन प्रती ठेवण्याची प्रथा असल्याने डिस्कही तिप्पट लागते, हे वेगळेच.

प्रतींमध्ये तात्पुरती तफावत राहू शकते, हा आक्षेप मला त्या मानाने किरकोळ वाटतो. तीनपैकी दोन प्रतींनी होकार दिल्याशिवाय लेखन आणि वाचन पूर्ण मानायचे नाही, असे ठरवता येते. थोडा वेग जातो, इतकेच. मोंगोडीबी या डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये २०१८ च्या ४.० आवृत्तीपासून अनेक डॉक्युमेंट्सवरचे ट्रान्झॅक्शनही (सगळे बदल एकत्र होणार, नाहीतर एकही नाही) आहे, पण ते मूळ सेटिंगनुसार ६० सेकंदांच्या आत संपावे लागते. ते पावलोपावली वापरावे लागत असेल, तर आपण डेटाबेस चुकीचा निवडला आहे असे मी समजतो.

‘एंटरप्राइझ’ या शब्दाची किंमत मात्र बैठकीत उशिरा कळते. मोंगोडीबीच्या फुकट आवृत्तीत ऑडिट लॉग (कोणी काय केले याची नोंद) आणि डिस्कवरील डेटाचे अंगभूत एन्क्रिप्शन मिळत नाही, त्यामुळे सशुल्क परवाना घ्यायचा की नाही हे अनेकदा विकासकांऐवजी सुरक्षा विभागाची एक अट ठरवते. शिवाय परवान्याची आकारणी सर्व्हरच्या हिशेबाने असेल, तर नोड वाढवण्याची जी सोय फायद्यांच्या बाजूला मोजलेली असते, तीच बिलातही उतरते. परवान्याचे नियमही बदलतात: ऑक्टोबर २०१८ मध्ये मोंगोडीबीने आपल्या खुल्या आवृत्तीचा परवाना बदलला, तेव्हा काही लिनक्स वितरणांनी ती आपल्या संग्रहातून काढून टाकली.

म्हणून हल्ली मी संघाकडून आधी क्वेरींची यादी लिहून घेतो: कोणत्या ‘की’वरून (नोंद शोधायच्या खुणेवरून), किती वेळा, किती जुना डेटा वाचायचा. यादी ठाम असेल आणि एका सर्व्हरला लेखनाचा भार खरोखरच पेलत नसेल, तर मी नोएसक्यूएलच्या बाजूने मत देतो. यादीच्या शेवटी ‘बाकीचे अहवाल पुढे लागतील तसे’ अशी ओळ आली, तर पोस्टग्रेस या रिलेशनल डेटाबेसवर काम सुरू करतो. २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून तिथे जेसनबी हा साचा न ठरवता डेटा ठेवू देणारा रकान्याचा प्रकार आहे, आणि ज्या चार-दोन गोष्टींचा आकार खरोखर ठरलेला नसतो त्या त्या एका रकान्यात ठेवता येतात.