फिटलेल्या कर्जाने अडवलेला सौदा: माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली आमची फौंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) वडिलांनी उभी केली. तिचे बहुतांश शेअर आम्ही एका प्रायव्हेट इक्विटी फंडाला (गुंतवणूकदारांच्या पैशातून कंपन्या घेऊन काही वर्षांनी विकणाऱ्या फंडाला) विकले. टर्मशीट (सौद्याच्या मुख्य अटींचा कागद), डेटा रूम (कंपनीची कागदपत्रं एकत्र ठेवलेली जागा), ड्यू डिलिजन्स (घेणाऱ्याने केलेली कसून तपासणी) हे सगळं मार्गी लागलं. अडकलो ते बँकेत, आणि तो राग अजून गेलेला नाही.

फार वर्षांपूर्वी मशिनरीवर टर्म लोन घेतलं होतं. ते वेळेत फेडलं, काही देणं बाकी नाही असं बँकेचं नो ड्यूज पत्रही मिळालं. पण फंडाच्या वकिलांनी कंपनी खात्याच्या साइटवर चार्जची, म्हणजे कंपनीच्या मालमत्तेवर नोंदलेल्या कर्जबोजांची, यादी काढली, तर तो चार्ज अजून उघडाच! म्हणजे सरकारदरबारी आमची मशिनरी बँकेकडे गहाणच होती. चार्ज मिटल्याशिवाय पैसे सोडणार नाही, असं फंडाने करारात लिहून घेतलं. त्यांचंही बरोबर होतं.

चार्ज मिटवायला सीएचजी-४ फॉर्म लागतो. त्यावर बँकेच्या अधिकाऱ्याची डिजिटल सही हवी. मधल्या काळात बँकेचं विलीनीकरण झालेलं, आमची शाखा दुसऱ्या शाखेत गेलेली. "साहेब, तुमची फाइल आमच्याकडं आलीच नाही," एवढंच उत्तर. रिजनल ऑफिस म्हणे शाखेला विचारा, शाखा म्हणे रिजनलला. ज्या बँकेने शेवटचा हप्ता घेऊन पावती दिली, तिलाच ते कर्ज सापडत नव्हतं! सही करणाऱ्या साहेबांच्या डिजिटल सहीची मुदत संपलेली, नवी यायच्या आत त्यांची बदली. इकडे एक्स्क्लुझिव्हिटी, म्हणजे फक्त याच फंडाशी बोलणी करायची ठरलेली मुदत, संपत आली. ती संपली की भाव पुन्हा चर्चेला येईल या धास्तीने झोप उडाली होती.

शेवटी जुनं नो ड्यूज पत्र आणि खातं बंद झाल्याचं स्टेटमेंट जोडून थेट बँकेच्या मुख्यालयाला लेखी तक्रार केली, तेव्हा कुठे सही झाली. पण कर्ज फिटल्यापासून ३०० दिवस कधीच उलटून गेलेले, त्यामुळे नुसत्या लेट फीवर भागलं नाही. उशीर माफ व्हावा म्हणून कंपनी खात्याच्या रिजनल डायरेक्टरकडे सीएचजी-८ फॉर्मने अर्ज, आणि आदेश आल्यावर तो आयएनसी-२८ फॉर्मने दाखल करणं. आमच्या सीएस (कंपनी सेक्रेटरी) मॅडमनी हे चिकाटीने तडीला नेलं. चार्ज मिटल्याचा दाखला हाती आला तेव्हा वडिलांना पहिला फोन केला.

विकायचा विचार असो वा नसो, आपल्या कंपनीची चार्जची यादी आजच काढून बघा. कर्ज फिटलं की त्याच आठवड्यात बँकेची सही घ्या. शेअर कागदी असतील तर तेही डीमॅट (इलेक्ट्रॉनिक स्वरूपात) करून ठेवा; छोट्या कंपन्या वगळता बाकी प्रायव्हेट कंपन्यांना आता कागदी शेअर ट्रान्सफर करता येत नाहीत.

आणि हो, पहिल्याच भेटीत फंडवाल्यांनी विचारलं होतं, "पाच वर्षांनी ही कंपनी कोण घेईल?" त्यांना गुंतवणूकदारांचे पैसे ठरल्या मुदतीत परत करायचे असतात, म्हणून घेतानाच ते पुढचं गिऱ्हाईक बघतात. याचं उत्तर तयार ठेवून जा. आम्ही निर्यातीच्या ऑर्डरी पुढे केल्या होत्या, आणि भावाची बोलणी तिथूनच सुरू झाली.