रजिस्टर्ड मॅग्नम घेताना: माझा अनुभव

जुन्या रिव्हॉल्व्हरच्या बाजारात ‘दुर्मिळ’ हा शब्द जो तो वापरतो. स्पेशल ऑर्डर म्हणजे गिऱ्हाइकाने कारखान्याकडून मुद्दाम मागून घेतलेली वेगळी घडण. ती खरोखर कारखान्याची आहे, की मागाहून कुणी गनस्मिथने (बंदुका घडवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराने) करून दिलेली, हे ठरवणं हेच या छंदातलं मुख्य काम. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीचं रजिस्टर्ड मॅग्नम हे रिव्हॉल्व्हर घेताना मी हे सगळं टप्प्याटप्प्याने केलं. अमेरिकेत राहणाऱ्या आणि या वाटेला जाऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींना उपयोग व्हावा म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

हेच मॉडेल का? कारण इथे स्पेशल ऑर्डर हा अपवाद नव्हता, नियम होता. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम हे काडतूस आलं आणि त्यासाठीचं रिव्हॉल्व्हर कारखान्याने मागणीनुसार बनवून द्यायला सुरुवात केली. नळी साडेतीन इंचांपासून पावणेनऊ इंचांपर्यंत, पाव-पाव इंचाच्या फरकाने हवी ती. पुढच्या आणि मागच्या साइटचे (नेम धरायच्या खुणांचे) प्रकार, वरचं फिनिश ब्लू (गडद निळं-काळं) की निकेल, मुठीचा प्रकार, नेम कोणत्या अंतरावर लावून हवा, हे सगळं गिऱ्हाईक सांगायचं. किंमत ६० डॉलर, तीही मंदीच्या काळात. पहिलं रिव्हॉल्व्हर एफबीआयचे जे. एडगर हूवर यांना गेलं. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी सेनानी जनरल पॅटन यांच्याकडेही साडेतीन इंची होतं, हस्तिदंती मुठीचं. प्रत्येकाला सीरियल नंबराखेरीज वेगळा नोंदणी क्रमांक मिळायचा आणि मालकाला प्रमाणपत्र. १९३९ मध्ये ही नोंदणी थांबली. तोवर पाच हजारांहून थोडी अधिक तयार झाली होती.

आधी परवान्याचं बघा. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे अडचण आली नाही. एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायलाच मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणं यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय वापरू नका. १८९८ पर्यंत बनलेली हत्यारं केंद्रीय कायद्यात ‘अँटिक’ म्हणून सुटतात. मॅग्नम सुटत नाही. पन्नास वर्षांहून जुन्या बंदुकांसाठी ‘क्युरिओ अँड रेलिक’ नावाचा संग्राहकाचा परवाना मिळतो. फी तीन वर्षांना ३० डॉलर, बोटांचे ठसे लागत नाहीत, अर्जाची एक प्रत स्थानिक पोलीसप्रमुखांकडे पाठवावी लागते. हा परवाना असला की परराज्यातला विक्रेता थेट घरी माल पाठवू शकतो, अर्थात तुमच्या राज्याचा कायदा आड येत नसेल तर. बदल्यात नोंदवही ठेवावी लागते: आलेल्या बंदुकीची नोंद लगेच पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत, गेलेल्या बंदुकीची सात दिवसांत. आणि हा परवाना धंद्यासाठी नाही, संग्रहासाठीच. पुढेमागे भारतात परतताना हे सगळं सोबत नेता येईल असंही धरून चालू नका. तिथे २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात.

मी पहिल्यांदा पाहिलेलं रिव्हॉल्व्हर निकेलचं होतं आणि फोटोत फार देखणं दिसत होतं. ते मी सोडलं ते घोडा आणि चाप पाहून. कारखाना निकेल करायचा तेव्हा घोडा आणि चाप यांना हात लावत नसे. त्यांवर केस हार्डनिंगचे (पोलादाचा पृष्ठभाग कडक करण्याच्या प्रक्रियेचे) करडे-निळे, तपकिरी ढग तसेच राहायचे. इथे दोन्ही आरशासारखे चकचकीत होते. म्हणजे कुणीतरी बाहेर प्लेटिंग करून घेतलेलं. विक्रेत्याच्या मते ती ‘दुर्मिळ ऑर्डर’ होती.

दुसरं ब्लू होतं, जाहिरातीत नळी पाच इंच लिहिलेली. विक्रेत्याने तपासणीसाठी तीन दिवस दिले होते आणि गोळी झाडायची नाही अशी अट होती. कारखान्याच्या कागदपत्रांचं उत्तर यायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून घ्यायचं की परत करायचं हा निर्णय हत्यारावरच्या खुणांवरूनच करावा लागतो. अवजारं म्हणाल तर चांगली टॉर्च, दहापट भिंग, कॅलिपर आणि सरळ पात्याचा, खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर. घरातला उतरत्या पात्याचा स्क्रूड्रायव्हर कडा फाडतो आणि फाटलेला स्क्रू दिसला की पुढचा गिऱ्हाईक किंमत पाडतो.

सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) उघडून सगळी घरं रिकामी असल्याची खात्री केली, मग नंबर. मुठीच्या बुडाला सीरियल नंबर. तोच सिलिंडरच्या मागच्या तोंडावर हवा आणि नळीच्या पोटाला, इजेक्टर रॉड (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारी दांडी) बसतो त्या खोबणीतही. तिन्ही जुळले. योक (सिलिंडर धरून बाहेर वळणारा भाग) बाहेर घेतल्यावर फ्रेममध्ये जी खाच उघडी पडते तिथे जुन्या तेलाची तपकिरी साय जमली होती. सुती कापडाने ती टिपल्यावर आर-ई-जी ही तीन अक्षरं आणि पुढे नोंदणी क्रमांक दिसला, ठोकलेल्या कडा अजून धारदार.

मग नळी. मोजायची ती फ्रेमच्या पुढच्या कडेपासून नव्हे. नळीचा बराच भाग फ्रेमच्या आत असतो. सिलिंडर बंद करून त्याच्या पुढच्या तोंडापासून नळीच्या टोकापर्यंत मोजायचं. मधली फट मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास, तर पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, त्यामुळे गोंधळ व्हायला जागा नाही. कॅलिपरने १३३ मिलिमीटरच्या थोडं वर दाखवलं. पाच इंच म्हणजे १२७. ही नळी सव्वापाच होती.

ही खास मागणीची लांबी असू शकत होती, पण खुश होण्याआधी नळी कापलेली नाही ना, हे बघणं भाग होतं. साडेसहा इंची नळी कापून सव्वापाच करता येते. कापलेल्या नळीवर बाजूचा मजकूर मधोमध राहत नाही, टोकाकडे सरकलेला दिसतो. पुढच्या साइटचा पायाही नवा बसवावा लागतो, त्यामुळे भिंगाखाली जोडाची बारीक चांदीसारखी रेघ सापडते. इथे मजकूर दोन्ही बाजूंना मधोमध होता आणि साइटचा पाया रिबशी (नळीच्या माथ्यावरच्या पट्टीशी) एकसंध. रिबवरची आणि फ्रेमच्या माथ्यावरची बारीक चौकट-नक्षी बोटाला टोचत होती. पॉलिश करून पुन्हा ब्लू केलं की पहिल्यांदा हीच नक्षी गुळगुळीत होते, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात आणि साइडप्लेटचा (फ्रेमच्या बाजूच्या झाकणाचा) सांधा दिसायला लागतो. साइडप्लेट मी उघडली नाही. तपासणीत तिची गरज नसते.

शेवटी मूठ. स्क्रू चार-पाच वळसे सैल करून त्याच्या डोक्यावर अंगठ्याने दाबलं की पलीकडची फळी सुटते. फटीत पातं घालून उचकटली तर अक्रोडाच्या लाकडाची कड तुटते. आतल्या फ्रेमवर दुरुस्तीची तारीख ठोकलेली नव्हती, बुडाला नंबराशेजारी ताराही नव्हता. म्हणजे कारखान्यात परत गेल्याची खूण नाही. परत गेलेली बंदूक वाईट असं मी मानत नाही, फक्त तिची किंमत वेगळी लावायची. उजव्या फळीच्या आत नंबर होता, पण दुसऱ्याच बंदुकीचा. मूठ त्याच काळातली, त्याच प्रकारची, पण या फ्रेमची नव्हे. असा नंबर पुष्कळदा पेन्सिलीने लिहिलेला असतो, तेव्हा आतून तेल किंवा स्पिरिट लावू नका. एका पुसण्यात पुरावा जातो. मी फोटो पाठवले, विक्रेत्याने किंमत कमी केली आणि मी तिसऱ्या दिवशी होकार दिला.

त्यानंतर स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशनकडे अर्ज केला: मॉडेल, सीरियल नंबर, नोंदणी क्रमांक, नळी, फिनिश, दोन्ही बाजूंचे फोटो आणि फी. नळीची लांबी मी मोजलेलीच लिहिली, जाहिरातीतली नव्हे. आलेल्या पत्रात १९३७ मध्ये माल कुठल्या व्यापाऱ्याला गेला ते होतं, आणि सव्वापाच इंच, ब्लू, मॅग्ना ग्रिप (हा मुठीचा प्रकार).

या पत्राबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. पत्र नंबराचं असतं. त्या नंबराची बंदूक कारखान्यातून कशी बाहेर पडली एवढंच ते सांगतं. आज तिच्यावरची नळी, मूठ, ब्लूइंग मूळचं आहे का, हे पत्र लिहिणाऱ्याने पाहिलेलं नसतं. म्हणून पत्र दाखवून विकायला आलेल्या बंदुकीचे नंबर मी आधी बघतो आणि पत्र नंतर वाचतो.

मूळ पत्र आता बंदुकीपासून वेगळं, कोरड्या फाइलमध्ये आहे, प्रत नोंदवहीत. मूठ तीच चढवून ठेवली आहे. तिच्या आतला नंबर ज्या रिव्हॉल्व्हरचा आहे, तेही कुठेतरी दुसऱ्याच्या मुठी लावून बसलं असणार. विक्रीची यादी हातात आली की मी तो नंबर आणि माझा नंबर, दोन्ही ताडून पाहतो.